पुराची रेघ आणि पुट्टी

घर विकायला काढले की त्यात आजवर राहिलेली माणसे आधी पुसून टाकावी लागतात, हे आम्हांला अलीकडेच कळले. गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठच्या एका गावी आमचे वडिलोपार्जित घर आहे. सागवानी खांब, कवेलूचे छप्पर, विटामातीच्या भिंती. आता तेथे कोणीच राहत नाही, म्हणून विकायचे ठरले. दलालाने कामे सांगितली: देवघर रिकामे करा, माळ्यावरची अडगळ काढा, तसबिरी उतरवा, परसातले गवत कापा, खांबांना पॉलिश करा आणि माजघराच्या भिंतीला पुट्टी भरून फिका रंग द्या. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाइकाला त्याचं घर दिसलं पाहिजे, तुमचं नाही."

हे वाक्य आम्हांला आधी निर्दय वाटले, मग पटले. तसबीर उतरवल्यावर भिंतीवर जो चौकोन उरतो, त्याची किंमत आमच्यापुरती आहे. दुसऱ्याने ती का मोजावी? आपल्या आठवणींची अडगळ परक्याच्या संसारात सोडून जाणे हाही एक प्रकारचा अहंकारच. तेव्हा देवघर, माळा, परस यांबद्दल आमची तक्रार नाही.

अडले ते माजघराच्या भिंतीपाशी. २०२०च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावे बुडाली. त्या वेळी आमच्या माजघरात कमरेइतके पाणी चढले होते. ते ओसरल्यावर भिंतीवर मातकट रेघ राहिली. तिच्याखालचे पोपडे आजही सुटतात. दलालाला पुट्टी हवी आहे ती नेमकी याच रेघेवर.

तसबीर उतरवणे आणि ही रेघ बुजवणे ही दोन्ही कामे एकाच यादीत, एकाच मजुरीत बसतात. पण त्यांची जात एक नव्हे. तसबिरीत आमचा भूतकाळ आहे, रेघेत घेणाऱ्याचा भविष्यकाळ. कायद्यालाही हा फरक कळतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५५ सांगते की, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून उघड केला पाहिजे. तो दडवणे ही फसवणूक ठरते. रेघ उघडी असताना ती कोणालाही दिसते. पुट्टी भरली की ती न दिसण्याची व्यवस्था आपणच केलेली असते.

येथे आम्हांला आपल्या साहित्याकडे पाहावेसे वाटते. विदर्भातल्या वाड्याची पडझड मराठीने फार समर्थपणे लिहिली आहे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तला (१९८५) दारात गंजत उभा राहिलेला ट्रॅक्टर कोण विसरेल? परंतु या एका श्रेष्ठ कृतीच्या मागोमाग ललित लेखनात वाड्याविषयीच्या हळहळीची जी रीघ लागली, तिच्यात दुःख नेहमी सोडून जाणाऱ्याचे असते. घेणारा येतो तो शेवटच्या परिच्छेदात, हातात टेप घेऊन, बहुधा असंस्कृत म्हणून. त्या घरात पुढचा पावसाळा त्याला काढायचा आहे, त्याची मुले त्या भिंतीला टेकून निजणार आहेत, हे त्या हळहळीच्या गावीही नसते. आपल्या वियोगात बुडालेला माणूस पुट्टी भरताना अडखळत नाही, याचे हेही एक कारण असावे.

आमच्याच जिल्ह्यात दुसरी एक रीत डोळ्यांसमोर आहे. येथे वनहक्क कायदा, २००६ अन्वये मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. मेंढा (लेखा) गावाने २०१३ साली आपली सारी शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन केली. अशा ठिकाणी घर सारवले जाते ते गिऱ्हाइकासाठी नव्हे, सणासाठी, पाहुण्यासाठी. या गावांचे आम्ही गोडवे गात नाही. आम्हांला घर विकायचे आहे आणि पैशांची गरजही आहे. पण पाहुण्यासाठी घर आवरणे आपल्यालाही परके नाही. पाहुणा येणार म्हटले की आपण सारवतो, अंथरुणे धुतो, पसारा लपवतो, आणि रात्री मात्र त्याला आवर्जून सांगतो, "त्या कोपऱ्यात अंथरूण टाकू नका, तिथं गळतं."

घर विकताना सजावट किती करावी, याला आमच्या मते एवढेच माप पुरे आहे. खांबांना पॉलिश केले आहे. परस साफ आहे. माजघराची भिंत तशीच ठेवली आहे. आतापर्यंत दोघे येऊन पाहून गेले. रेघेपाशी दोघेही थांबले. एकाने नंतर फोन केला नाही. दुसऱ्याने किंमत बरीच पाडून मागितली आहे, आणि जोते किती उंच करावे लागेल, असेही विचारले आहे. त्याच्याशी बोलणे चालू आहे.