मोबाइल काढून घेणे म्हणजे उपचार नव्हे




मुलगा रात्रभर मोबाइलवर असतो असे कळले की घरोघरी ठरलेला उपाय होतो : फोन कपाटात, नाहीतर रिचार्ज बंद. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये याहून शहाणा मार्ग काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. शिस्त म्हणून हे उत्तमच. पण ज्याची झोप, जेवण, अभ्यास सगळेच कोलमडले आहे, त्याला भोंगा पुरत नाही. त्याला समुपदेशनाची गरज असते. त्यासाठी आपल्या खानदेशातील जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांनी आठवड्यातला एक वार राखून ठेवावा आणि तो ठळकपणे जाहीर करावा.

‘नुसते बोलून काय होणार?’ हा प्रश्न हमखास येतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील चार केंद्रांत, इंटरनेट आणि गेमच्या व्यसनात अडकलेल्या १४३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गटात आणि एकेकट्याने बोलण्याचे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के त्या विळख्यातून बाहेर आले; प्रतीक्षायादीवरच्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. चाचणी लहान आणि फक्त पुरुषांची, हे मान्य. तरीही हा फरक झटकून टाकण्यासारखा नाही.

हे बोलणे म्हणजे उपदेश नव्हे. समजा, चोपड्याकडचा एक मुलगा जळगावात खोली घेऊन ‘नीट’ची तयारी करतो आहे. समुपदेशक त्याला आधी एक वही ठेवायला सांगतो. त्यात नोंद होते : ‘रात्री ११. चाचणीत गुण कमी. घरून फोन आला, खोटे सांगितले. गेम सुरू. २ वाजता बंद.’ अशा दहा-बारा नोंदी झाल्या की गेमच्या आधी काय घडते ते त्याचे त्यालाच दिसू लागते. खरे दुखणे गुणांच्या भीतीचे निघते. मग त्या ११ वाजताच्या घडीला दुसरे काय करायचे, हे दोघे मिळून ठरवतात. दारू कायमची सोडता येते. अभ्यासाचे व्हिडिओ आणि पैशांचे व्यवहार ज्या फोनवर चालतात, तो कसा सोडणार? म्हणूनच इथे बंदीपेक्षा वापराचे भान शिकवावे लागते.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत यासाठीचे ‘शट’ क्लिनिक २०१४ पासून आहे. पण शेतीची कामे सोडून दर आठवड्याला तिकडे कोण जाणार? शिवाय उपचारच बोलण्याचा असेल तर भाषा महत्त्वाची. साक्री-शिरपूरच्या आईबापांना मनातले अहिराणीत किंवा पावरीत सांगता आले, तरच ते मोकळे होतील.

प्रत्येक मोबाइलवेडे पोर रुग्ण नसते, हेही खरे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत ‘गेमिंग’चा विकार घेतला, सरसकट इंटरनेटचे व्यसन नव्हे, आणि तिथेही साधारण वर्षभर टिकलेली, रोजचे जगणे बिघडवणारी लक्षणे पाहिली जातात. ही पारख करायलाही जाणकार माणूसच हवा.

माणसे कुठून आणायची, असे प्रशासन विचारेल. समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकणारी, अहिराणी बोलणारी मुले-मुली खानदेशातच आहेत. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रशिक्षण द्यावे. तोवर शासनाच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक वसतिगृहांच्या आणि क्लासच्या फलकांवर लावायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहायची गरज नाही.

— एक वाचक, जळगाव