वृद्ध शेतकरी आणि हास्य

शेतीचा कारभार मुलाच्या हातीं सोंपवून वृद्ध शेतकरी ओसरीवर बसला, म्हणजे आपण त्याच्या पथ्यपाण्याची चौकशी करितों. परंतु तो शेवटीं मनमोकळा केव्हां हंसला, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें आपल्या देशांत साठीवरील माणसें १० कोटींहून अधिक होतीं व त्यांपैकीं सुमारें ७१ टक्के खेड्यांत राहत होतीं. आर्वीकडे कपाशीच्या वेंचणीचे दिवस आले कीं घरचीं सारीं माणसें शेतांत जातात व म्हातारा दिवसभर एकटा राहतो. एकट्यास हंसूं येत नाहीं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकास असें आढळलें, कीं माणूस एकटा असतांना हंसतो त्याच्या सुमारें ३० पट अधिक तो चारचौघांत हंसतो. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांच्या २०११ सालच्या प्रयोगांत पोटभर हंसल्यानंतर वेदना सोसण्याची शक्ति वाढलेली दिसली.

मुंबईस डॉ. मदन कटारिया यांनीं सन १९९५ मध्यें एका बागेंत अवघ्या पांच जणांनिशीं हास्यमंडळ सुरू केलें. आपल्याकडे बाग नसेल, पण पार आहे.

म्हातारपणीं थट्टाविनोद शोभत नाहीं, असें कोणी म्हणतील. वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनांत श्रोत्यांस प्रश्न विचारून हंसवीत, आणि हंसवितां हंसवितां कर्ज, दारू व अस्वच्छता यांवर बोट ठेवीत. उतारवयांतही त्यांनीं हें व्रत सोडलें नाहीं. त्यामुळें त्यांचा मान कमी झाला काय?

मात्र म्हाताऱ्याच्या बहिरेपणास किंवा विसरभोळेपणास हंसणें हा विनोद नव्हे. त्यानें तो अधिकच मिटून बसतो. तसेंच हास्य ही औषधाची जागा नव्हे. रक्तदाबाची गोळी चुकवूं नये. आणि जो कर्जाच्या वा दुःखाच्या भारानें बोलेनासा झाला आहे, त्यास विनोद न सांगतां वेळींच डॉक्टरांकडे न्यावें.

वाचकांस आमची विनंति इतकीच, कीं दिवेलागणीनंतर अर्धा तास वडिलांजवळ बसावें व त्यांची जुनी गंमत त्यांच्याच तोंडून ऐकावी. ती दहादां ऐकलेली असली तरी मध्येंच तोडूं नये. थकल्या बैलाच्या पाठीवरूनही आपण हात फिरवितोंच. ज्यांनीं आपणांस शेत दिलें, त्यांना अर्धा तास देणें जड नाहीं.