पांढरा फ्लॅनेल आणि शनिवारी दिलेल्या किल्ल्या : गांधींचा विलायतेतला पहिला दिवस

१/
४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' ही आगबोट इंग्लंडकडे निघाली. बॅरिस्टर होण्यासाठी निघालेले मोहनदास करमचंद गांधी तिच्यावर होते. २९ सप्टेंबरला, शनिवारी, ते विलायतेच्या भूमीवर उतरले. एकोणीस वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा तीन दिवस उरले होते. त्या दिवशी त्यांची जी फजिती झाली, ती बहुधा गमतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती इतिहासाचे गंभीर साधन आहे.

२/
आधी पार्श्वभूमी. समुद्र ओलांडणे धर्मबाह्य ठरवून मुंबईतील मोढ वाणी ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले होते. त्यांना मदत करणाऱ्यास किंवा निरोप द्यायला धक्क्यावर जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरला. ज्ञातीच्या धाकाने मेहुण्यांनी हाती असलेले पैसे देण्याचे नाकारले. अखेर एका स्नेह्याकडून उसने घ्यावे लागले. माघारी फिरण्याची वाट अशी जवळजवळ बंद होती.

३/
आता तो दिवस. बोटीवर गांधी काळा सूट घालत. मित्रांनी करवून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख त्यांनी उतरण्याच्या दिवसासाठी मुद्दाम राखून ठेवला होता. सप्टेंबर संपत आला होता. किनाऱ्यावर पाऊल ठेवले आणि ध्यानात आले की, अशा कपड्यांत आपण एकटेच आहोत.

४/
कपडे बदलावेत, तर सामान जवळ नव्हते. इतर प्रवासी आपापले सामान ग्रिंडले कंपनीच्या माणसाकडे सोपवत होते, म्हणून गांधींनीही सोपवले, किल्ल्यांसकट. दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे सोमवारपर्यंत पांढऱ्या फ्लॅनेलवाचून गत्यंतर नव्हते.

५/
मुक्काम व्हिक्टोरिया हॉटेलात. रात्री डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले आणि तो पोशाख पाहून हसले. बोलता बोलता गांधींनी त्यांची उंच टोपी सहज उचलली आणि तिच्यावरून उलटा हात फिरवला. टोपीची लव विस्कटली. मेहतांनी काहीसे रागावून थांबवले आणि तिथेच पहिला धडा दिला : दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्याच भेटीत चौकश्या करू नयेत, मोठ्याने बोलू नये, उठल्याबसल्या कोणाला 'सर' म्हणू नये.

६/
हॉटेलातले अन्न रुचले नाही, पोट अर्धे रिकामेच राहिले, आणि बिल झाले तीन पौंड. पुढे याच लंडनमध्ये गांधींनी रोजचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आणला. त्या हिशेबाने तीन पौंड म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांची बेगमी.

७/
हा वृत्तांत आत्मकथेतला आहे. ती 'नवजीवन'मधून १९२५पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे प्रसंगानंतर सदतीस वर्षांनी. आणि तिच्यात एक उघड चूक आहे. गांधींनी उतरण्याचे बंदर साउदॅम्प्टन असे दिले आहे. लंडनमधील गांधींचा माग काढणाऱ्या संशोधकांच्या मते ते बंदर टेम्स नदीवरचे टिलबरी होते.

८/
या दिवसाचे दुसरे साधन म्हणजे १८८८च्या अखेरीस गांधींनी इंग्रजीत लिहायला घेतलेली रोजनिशी. तिचा थोडाच भाग आज उपलब्ध आहे. तिच्यात टिलबरीहून आगगाडीने लंडन गाठल्याची नोंद आहे आणि हॉटेलातली उद्वाहनाची हकीकतही आहे. दार उघडल्यावर गांधींना वाटले, ही बसण्याची खोली असावी. पुन्हा दार उघडले, तो मंडळी दुसऱ्या मजल्यावर!

९/
समाजमाध्यमांवरच्या इतिहासचर्चेत अशा वेळी दोन सवयी दिसतात. पहिली : एक तपशील चुकीचा सापडला की सारे साधन बाद. हा उतावीळपणा आहे. रोजनिशी प्रसंगाच्या जवळची; ठिकाण आणि क्रम यांबाबत तिचा शब्द वरचढ. आत्मकथा प्रसंगापासून दूरची. पण मनावर कायमचे काय कोरले गेले, हे तीच सांगते. बंदराचे नाव विस्मरणात गेले, एकटे पडल्याची लाज गेली नाही. दोन साधनांना दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

१०/
दुसरी सवय : थोर पुरुषाच्या प्रत्येक कृतीत भविष्याची चाहूल शोधणे. १८८८चा पांढरा फ्लॅनेल आणि १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेल्या गांधींचे पंचा आणि शाल यांची सांगड घालण्याचा मोह सहज होतो. तो आवरायला हवा. १९३१मध्ये वेगळे दिसणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. १८८८मध्ये चारचौघांसारखे दिसण्याची धडपड होती आणि ती फसली होती.

११/
ती का फसली? माहितीच नव्हती म्हणून. पोशाख मित्रांच्या सल्ल्याचा, किल्ल्या इतरांचे पाहून दिलेल्या. राजकोटच्या तरुणाला विलायतेचा ऋतू, रविवार, हॉटेलचे दर आणि टोपीचा शिष्टाचार कोण सांगणार? वसाहतीतला विद्यार्थी साम्राज्याच्या राजधानीत पोहोचे, तेव्हा इंग्रजी थोडेफार येत असे. पण अलिखित नियम तिथे गेल्यावर, लाज पत्करूनच कळत. सत्तेचे अंतर कायद्यात असते तसे अशा बारीकसारीक अज्ञानातही असते.

१२/
या फजितीच्या जोडीने वाचावे असे गांधींचे एक लेखन फारसे वाचले जात नाही. १८९३-९४च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेत असताना, त्यांनी लंडनला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीत एक मार्गदर्शिका लिहिली. कोणी जावे, कोणते कपडे न्यावेत, त्यांना काय पडेल, राहण्याखाण्याचा खर्च किती, बॅरिस्टर होण्यासाठी काय करावे, सारे हिशेबासह. ती त्यांच्या हयातीत प्रकाशित झाली नाही. आज त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात वाचता येते.

१३/
पीटरमॅरिट्झबर्गच्या फलाटावरचा १८९३चा अपमान सर्वांना पाठ असतो. त्याच सुमारास लिहिलेली ही कपड्यांची यादी मात्र कोणाला आठवत नाही. अन्यायाचा प्रतिकार हे गांधींच्या सार्वजनिक जीवनाचे एक अंग. स्वतःला जे ठेच लागून कळले, ते मागून येणाऱ्याला आधीच कळावे म्हणून लिहून ठेवणे, हे दुसरे. पहिल्या अंगाची स्मारके झाली, म्हणून दुसरे गौण ठरत नाही.

१४/
म्हणून जुने प्रवासवर्णन हाती आले, तर पहिल्या दिवसाची पाने भराभर उलटू नयेत. प्रवाशाने काय घातले, किल्ल्या कोणाकडे दिल्या, बिल किती झाले, कोण हसले, हे पाहावे. पुढच्या पानांत प्रवासी शहाणा झालेला असतो आणि आपले अज्ञान झाकायला शिकलेला असतो. पहिल्या दिवशी ते उघड्यावर असते.