संशोधन दाखवताय ना, मग पूर्ण दाखवा!

एसटी स्टँडसमोरचा तो फ्लेक्स तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 'आतड्याची सूज, रक्ती आव, अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स. सुया आणि शेक घ्या, गोळ्यांना कायमची सुट्टी द्या. परदेशी संशोधनाने सिद्ध.' खाली तीन दिवसांच्या शिबिराच्या तारखा आणि मोबाईल नंबर.

त्या शिबिराची बातमी आमच्या पेपरातही आली होती. पान तीन, दोन कॉलम. ती मीच टाईप केली होती. जाहिरात आली की सोबत बातमी लावायची, हा आमच्या धंद्याचा अलिखित नियम आहे. 'संशोधनाने सिद्ध' हे शब्द मी जसेच्या तसे उतरवले. कुठलं संशोधन, एवढंही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी एक बाई ते कात्रण घेऊन ऑफिसात आल्या. मुलगा बारावीला. त्याला दीड वर्षापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस. गोळ्या चालू होत्या आणि बरं होतं. शिबिरात सांगितलं म्हणून गोळ्या बंद केल्या. पुढं दिवसातून दहा-बारा वेळा संडास, प्रत्येक वेळी रक्त. शेवटी जिल्ह्याच्या गावी ॲडमिट करावं लागलं. बाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, पेपरात आलं म्हणून आम्ही विश्वास ठेवला. खरं होतं का ते?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून जे बातमी लावायच्या आधी करायला हवं होतं, ते नंतर केलं. ते संशोधन शोधून वाचलं. मी डॉक्टर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण आकडे वाचता येतात.

आधी आजार समजून घेऊ, कारण अर्धा घोळ तिथंच होतो. ताणतणावानं पोट बिघडतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, पण आतड्याला जखम नसते. तो आयबीएस. आपण बोलतोय तो आयबीडी. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते, आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. आपल्या देशात क्रोन्स आणि आतड्याचा टीबी यांची गल्लत मोठमोठ्या डॉक्टरांचीही होते, इतके ते सारखे दिसतात. आणि आपल्याकडं संडासवाटे रक्त दिसलं की माणूस आधी मूळव्याधीचाच बोर्ड शोधतो. दुर्बिणीची तपासणी आणि बायोप्सी होईपर्यंत महिने जातात.

या आजाराचा एक स्वभाव लक्षात ठेवा. तो भडकतो आणि शांत होतो. कधी महिनोन्‌महिने गप्प बसतो. त्यामुळं भडक्यात असताना जो कुणी भेटला, त्याच्या उपायानं गुण आल्यासारखं वाटतं. बाबा, बुवा, काढा, सुई, सगळ्यांनाच श्रेय मिळतं. म्हणूनच 'माझ्या मेव्हण्याला फरक पडला' हा पुरावा होत नाही. दोन गट करून, एकाला खरा उपचार आणि दुसऱ्याला लुटुपुटीचा उपचार देऊन तपासावं लागतं.

असं कुणी तपासलंय का? तपासलंय. इथं मला ॲक्युपंक्चरला सरसकट थोतांड म्हणणाऱ्या मित्रांनाही सांगायचंय, की थोडं थांबा.

शांघायमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये क्रोन्सच्या ९२ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला सुया आणि मॉक्सिबस्शन. मॉक्सिबस्शन म्हणजे वनस्पतीचा वाळवलेला पाला पेटवून दिलेला शेक. जोतिबाला आपण जो दवणा वाहतो, त्याच्याच कुळातली ही वनस्पती. पोटावर औषधी वडी ठेवून तिच्यावर हा शेक दिला. दुसऱ्या गटाला वरवर टोचलेल्या सुया आणि गव्हाच्या कोंड्याची वडी. खऱ्या उपचाराच्या गटात आजाराचा जोर जास्त उतरला.

२०२२ मध्ये याच दिशेचा आणखी एक प्रयोग आला. क्रोन्सचे ६६ रुग्ण, ज्यांना औषधांनी पुरेसा गुण येत नव्हता. १२ आठवड्यांनंतर आजार शांत झालेल्यांचं प्रमाण खऱ्या उपचाराच्या गटात लुटुपुटीच्या गटापेक्षा ४२.४ टक्क्यांनी जास्त होतं. फरक मोठा आहे. तो नाकारण्यात काही शहाणपणा नाही.

फ्लेक्सवाल्यांना नेमका एवढाच आकडा हवा असतो. आता उरलेलं वाचा.

एक. ४२.४ टक्के हा दोन गटांतला फरक आहे. खऱ्या उपचाराच्या गटातही सगळ्यांचा आजार शांत झाला नाही. याला 'कायमची सुट्टी' म्हणतात?

दोन. हे रुग्ण सौम्य आणि मध्यम आजाराचे होते. ज्याला दिवसातून दहा वेळा रक्त जातंय, तो या प्रयोगात नव्हताच.

तीन. चालू गोळ्या सोडल्या तर काय होतं, हे तपासायला हा प्रयोग नव्हता. त्याच्या जोरावर कुणाच्या गोळ्या बंद करणं म्हणजे शुद्ध थाप.

चार. २०१४ च्या प्रयोगात आठवड्यातून तीन वेळा, १२ आठवडे उपचार झाला. म्हणजे ३६ बैठका, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. आपल्याकडं मंगल कार्यालयात तीन दिवसांचं शिबिर. छत्तीस कुठं आणि तीन कुठं!

पाच. तो मुलगा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, आणि वरचे दोन्ही प्रयोग क्रोन्सचे. कोलायटिसवर शेकाचा काय उपयोग, यावरचे पाच प्रयोग २०१० मध्ये एकत्र तपासले गेले. पाचही चीनमधले. निष्कर्ष असा, की बहुतेक प्रयोग कच्चे आहेत आणि उपयोग होतो म्हणायला पुरावा अपुरा आहे. जर्मनीत २००६ मध्ये कोलायटिसच्या २९ रुग्णांवर सुया आणि शेक करून पाहिले. काही फरक दिसला, पण २९ माणसांवरून अख्ख्या जगाला सल्ला देता येत नाही. त्याआधी २००४ मध्ये तिथंच क्रोन्सच्या ५१ रुग्णांवरचा प्रयोग झाला होता. त्यात लुटुपुटीच्या सुया घेतलेल्यांनाही बरं वाटलं होतं, फक्त कमी.

आणखी एक. १९९८ मध्ये एका अभ्यासानं देशोदेशीचे ॲक्युपंक्चरचे प्रयोग मांडून पाहिले. चीनमधून आलेला प्रत्येक प्रयोग यशस्वी! ज्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो, तिथल्या परीक्षा केंद्राबद्दल आपण काय बोलतो, ते आठवा. सगळेच खोटं बोलतात असं नाही, पण फसलेला प्रयोग कुणी छापत नसेल, तर छापलेल्यावर किती भिस्त ठेवायची?

'चीनचं म्हणून तुम्हाला खुपतंय' असं काही जण म्हणतील. अजिबात नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनमध्ये गेले आणि तिथल्या जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये वारले. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढं चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या भारतात आणली. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. चांगल्या माणसांच्या हातून आलेली ही विद्या मंगल कार्यालयातल्या शिबिरात विकायला काढलीय, हा माझा राग आहे.

लोक शिबिरात का जातात, तेही कळतं मला. पोटविकारतज्ज्ञ तालुक्याला नाही. दुर्बिणीच्या तपासणीला पैसे लागतात, नव्या इंजेक्शनांची किंमत ऐकून शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. गोळ्या वर्षानुवर्षं का घ्यायच्या, हे समजावून सांगायला ओपीडीत कुणाला वेळ नाही. ती पोकळी फ्लेक्सवाला भरतो. तो निदान बसवून घेऊन बोलतो तरी! डॉक्टर मंडळींनी हे मनाला लावून घ्यावं.

आता कामाचं. सुया घ्यायच्या असतील तर घ्या, पण तीन गोष्टी विचारा. परिषदेकडं नोंदणी आहे का? सुया एकदाच वापरायच्या, बंद पाकिटातल्या आहेत का? आणि माझ्या चालू औषधांबद्दल तुम्ही काय सांगता? तिसऱ्याचं उत्तर 'बंद करा' असं आलं, तर तिथूनच चप्पल घाला आणि निघा. स्टिरॉइडची गोळी एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. भडकलेल्या कोलायटिसमध्ये आतडं फुगून फाटू शकतं. गुण आलाय की नाही, हे नुसत्या 'बरं वाटतंय'वर ठरवू नका. संडासची कॅलप्रोटेक्टिन तपासणी असते, दुर्बीण असते. सूज उतरली का, ते तिथं कळतं.

मी पेपरात खुलासा द्यायचा प्रयत्न केला. 'जाहिरातदार आहे, राहू दे' असं उत्तर मिळालं. म्हणून इथं लिहितोय. उद्या केबिनमध्ये बोलावणं येईल, येऊ दे.

त्या बाईंना काल फोन केला. मुलगा घरी आलाय, गोळ्या पुन्हा चालू आहेत, परीक्षेचं अजून काही सांगता येत नाही. त्यांना म्हणालो, "ताई, खरं नव्हतं ते. आणि ते मीच लिहिलं होतं."