पेडंकल म्हणजे आपला देठच



या वेळी एका शब्दाविषयी लिहायचे आहे. शब्द इंग्रजी पुस्तकातला असला तरी वस्तू आपल्या घरातली आणि शेतातली आहे. शब्द आहे ‘पेडंकल’. अकरावीच्या वनस्पतिशास्त्रात तो येतो आणि दवाखान्याच्या रिपोर्टातही येतो.

आमच्या वडवणीत माझ्याकडे लोक कागद घेऊन येतात. कारकुनाकडे दुसरे काय येणार? उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातपडताळणीचा अर्ज. मागच्या हिवाळ्यात एक ऊसतोड कुटुंब एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आले. बाप फडातच कोसळला होता. उजवा हात आणि उजवा पाय गळाला होता, डाव्या डोळ्याची पापणी उघडत नव्हती. रिपोर्टात ‘लेफ्ट सेरेब्रल पेडंकल’ असे छापलेले होते आणि थोरल्या मुलाने त्याखाली पेनाने रेघ ओढली होती. गावातल्या कुणीतरी सांगितले होते की हे मेंदूतल्या गाठीचे नाव आहे. माय पदर तोंडाला लावून भिंतीशी बसली होती.

“काका, ह्यो कोणता आजार हाय?” पोराने विचारले.

मी बी.कॉम. झालेला माणूस, डॉक्टर नाही. पण शब्दकोश जवळ ठेवतो. शोधून म्हणालो, “बाबा, हे आजाराचे नाव नाही. हे मेंदूतल्या एका जागेचे नाव आहे. आजार काय ते पुढच्या ओळीत लिहिले आहे. त्या जागेचा रक्तपुरवठा तुटला, असे ते म्हणतात.” तेव्हा त्याची धाकटी बहीण, अकरावी सायन्सची, हळूच बोलली, “काका, ह्यो शब्द आमच्या बॉटनीत बी हाय. फुलाचा देठ म्हणून पाठ केलाय मी.”

पोरीने शब्द पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही असेल. पण वर्गातला शब्द आणि बापाच्या रिपोर्टातला शब्द एकच असू शकतो, असे तिला कुणी सांगितले नव्हते. आपल्या लेकरांचे सायन्स इथेच अडते, असे मला वाटते. डोके कमी पडत नाही. शब्द परका वाटतो, आणि शब्द परका वाटला की विषय परका वाटतो. मग पोरगी म्हणते, मला आर्ट्सच बरे.

आता शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत पायाला ‘पेस’ म्हणतात आणि त्याचे रूप ‘पेड’ असे चालते. त्यावरून ‘पेडंक्युलस’, म्हणजे इवलासा पाय. आपण सायकलचे पेडल मारतो ते त्याच घराण्यातले, आणि आपला ‘पाद’ हा शब्दही फार जुन्या नात्याने त्याचा भाऊबंद लागतो. फूल किंवा फळ ज्या बारक्या पायावर उभे राहते तो पेडंकल. म्हणजे देठ.

पण आपल्याकडे सगळ्यालाच देठ म्हणतात, आणि पुस्तकात मात्र तीन नावे आहेत. पानाचा देठ तो पेटिओल. फुलांचा किंवा फळांचा घोस असेल तर सगळ्या घोसाचा मिळून जो मुख्य देठ, तो पेडंकल. त्या घोसातल्या एकेका फुलाचा बारका देठ तो पेडिसेल. द्राक्षाचा घड डोळ्यांपुढे आणा. घड ज्याला धरून उचलतो ते पेडंकल, आणि एकेक मणी ज्याला लटकतो ते पेडिसेल. झाडावर एकेकटे फूल येत असेल तर त्याच्या देठालाही पेडंकल म्हणण्याची रीत आहे, काही पुस्तकांत पेडिसेलही लिहिलेले सापडते. मुलांनी आपल्या पुस्तकात असेल तसे लिहावे, वाद घालू नये.

शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या बोलीत मात्र पुस्तकापेक्षा जास्त शब्द आहेत. ज्वारीचे उदाहरण घ्या. घरातल्या आजीला विचारा, ती सांगेल : आधी ज्वारी पोटरीत येते, मग निसवते. पोटरीत येते म्हणजे कणीस अजून वरच्या पानाच्या गुंडाळीत असते. निसवताना कणसाखालचे शेवटचे कांडे भराभर लांबते आणि कणसाला वर ढकलून बाहेर काढते. ते शेवटचे कांडे, वरच्या पानापासून कणसापर्यंतचे, तेच ज्वारीचे पेडंकल. आपल्या कोरडवाहू रब्बीत त्या दिवसांत जमिनीत ओल राहिली नाही तर हे कांडे पुरते लांबत नाही. कणीस अर्धे आत, अर्धे बाहेर अडकते आणि अडकलेल्या भागात दाणा नीट भरत नाही. बारावीच्या पोराला हे इंग्रजीत वाचून कळायला अर्धा तास लागतो. त्याच्या आजीला बांधावरून नुसते पाहून कळते. दोघांनी एकदा बसून बोलायला हवे, एवढेच. पण दिवाळीनंतर आई-बाप कारखान्यावर गेलेले असतात, पोर वसतिगृहात आणि आजी घरी एकटी. हे बोलणे होणार कधी?

कांद्याला डेंगळा येतो तोही फुलाचा दांडाच. त्याला पान नसते, तो सरळ कांद्यातून वर येतो, म्हणून पुस्तकात त्याला ‘स्केप’ असे वेगळे नाव आहे. केळीच्या घडाचा जाड दांडा पेडंकल. कोकणात आणि गोव्यात काजूचे जे रसाळ बोंड खातात ते खरे फळच नव्हे, तो फुगलेला देठ आहे. खरे फळ खाली लटकलेले, ज्यातून बी निघते. भुईमुगाच्या आऱ्यांचा मात्र घोटाळा करू नका. त्या देठासारख्या दिसतात, पण तो फुलाचा देठ नव्हे. फूल सुकल्यावर बीजकोशाच्या बुडाचा भाग लांबून जमिनीत घुसतो, ती आरी.

आता मेंदूकडे येऊ. फ्लॉवरचा गड्डा उलटा धरून पाहिला तर पांढरे जाड देठ दिसतात, वरचा पसारा त्यांच्यावर तोललेला असतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना मोठ्या मेंदूखाली तसेच दोन जाड देठ दिसले, एक डावा आणि एक उजवा. त्यांना त्यांनी तेच नाव दिले. हे देठ मध्यमेंदूत आहेत. हातपाय हलवण्याचा हुकूम मोठ्या मेंदूतून निघतो तो या देठांतल्या तंतूंतून खाली जातो. पुढे मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाला यातले बहुतेक तंतू बाजू बदलतात. म्हणून डाव्या देठाला इजा झाली तर उजवा हात-पाय जातो. डोळ्याची पापणी उचलणारी नस मात्र त्या देठाशेजारूनच निघते आणि बाजू बदलत नाही, म्हणून पापणी डावीच पडते. लहान मेंदूलाही असे देठ असतात, तीन जोड्या, वरची, मधली आणि खालची. चालताना तोल सांभाळण्याची देवाणघेवाण त्यांच्यातून चालते.

जाता जाता सांगतो. तोंड अचानक वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर अंगारा-धुपारा करत बसू नका आणि ‘सकाळी बघू’ म्हणू नका. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. वडवणीहून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच त्यातला किती वेळ जातो, ते आपल्याला ठाऊक आहे.

शाळेच्या मराठी पुस्तकात याला पर्णवृंत, पुष्पवृंत असे शब्द आहेत. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि असे पारिभाषिक शब्द ठरवण्याचे मोठे काम झाले. ते काम वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण ‘देठ’ हा शब्द घरोघरी असताना आठवीच्या पोराच्या तोंडी ‘वृंत’ घालण्याची गरज मला अजून पटलेली नाही. मास्तरांनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिले तरी पुष्कळ होईल. वृंत हा शब्द वाईट आहे असेही नाही. वांग्याचे संस्कृत नाव वृंताक, त्यातही तो बसलेला आहे. भरली वांगी करताना आपल्या बाया देठ ठेवूनच चिरा देतात, तोच हा वृंत.

आणि पालीत तो ‘वण्ट’ होतो. ताडाच्या पानाचा पंखा म्हणजे तालवण्ट. हा शब्द फार सुंदर जागी आला आहे. दीघ निकायातले पहिले सुत्त ब्रह्मजाल सुत्त. त्याच्या शेवटाकडे तथागतांनी आंब्याच्या घोसाचा दाखला दिला आहे. घोसाचा देठ तोडला की त्याला लागलेले सगळे आंबे त्याच्याबरोबर खाली येतात, तसे भवाकडे नेणारे बंधन तथागतांनी तोडले आहे, असा त्याचा भाव. धम्माचा अर्थ भन्तेजींनी समजावून सांगावा, मी शब्दापुरते बोलतो. इथे वण्ट म्हणजे एकेका आंब्याचा देठ नव्हे, घोसाचा मुख्य देठ. आजची अकरावीची मुले पेडंकल आणि पेडिसेल असा जो फरक पाठ करतात, तो आंबा उतरवणाऱ्या माणसाला तेव्हाही ठाऊक होता, आणि ऐकणाऱ्यांनाही तो दाखला फोड न करता समजत असणार.

आंबा उतरवण्याचे काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. झेल्याने फळ काढताना देठाचा तुकडा फळाला राहू द्यायचा. देठ मुळाशी मोडला की चीक फळावर ओघळतो, साल काळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो. हातावर पडला तर कातडी भाजते, ती वेगळीच.

पाठीच्या दुखण्याच्या रिपोर्टात ‘पेडिकल’ असा शब्द येतो, त्याने घाबरू नका. तोही याच घराण्यातला. मणक्याच्या पुढच्या गोल भागाला मागच्या कमानीशी जोडणारा हाडाचा आखूड देठ, दोन्ही बाजूंना एकेक. उसाची मोळी वाहणाऱ्यांच्या रिपोर्टात त्याच्या शेजारी ‘डिस्क’ हा शब्द हमखास असतो. तो पुढच्या वेळी घेऊ. रिपोर्टातला असा एखादा शब्द आपल्या घरी अडला असेल तर पोस्टकार्डावर लिहून कळवा.