कुलूप आहे, किल्ली सर्वांकडे

घराला कुलूप घातल्यावाचून कोणी गावाला जात नाही. मात्र इंटरनेट ज्या दारातून घरात येते त्या राऊटरचा संकेतशब्द कारखान्यातून आला तसाच ठेवण्यात पुष्कळांना काही वावगे वाटत नाही. या बेफिकिरीचे मोल परक्यांनाही मोजावे लागते. 2016 साली ‘मिराई’ नामक उपद्रवी आज्ञावलीने असेच ठरावीक संकेतशब्द वापरून लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला अशा यंत्रांकरवी झालेल्या हल्ल्याने अमेरिकेत ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली.

उपाय खर्चाचे नाहीत. संकेतशब्द बदलावा, बाहेरून राऊटर हाताळण्याची सोय बंद ठेवावी, त्याची आज्ञावली अद्ययावत करावी आणि पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवावे. गोव्यातील घरगुती अतिथिगृहांनी ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. प्रवाशांच्या ओळखपत्रांच्या प्रती ज्या संगणकात आहेत, त्याच जाळ्यात अनोळखी माणसाला प्रवेश देणे शहाणपणाचे नव्हे.

तथापि सारा भार ग्राहकाच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. सर्वांना एकच संकेतशब्द असलेली घरगुती उपकरणे विकण्यास ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून कायद्याने बंदी केली आहे. आपल्याकडेही जोडणी देणाऱ्या कंपनीच्या माणसाने ग्राहकाकडून संकेतशब्द बदलून घेतल्याविना घराबाहेर पाऊल टाकू नये, असा दंडक सरकारने घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाच मिनिटांचे हे काम टाळण्यास कोणतीही सबब पुरेशी नाही.