पक्षाघाताचे वृद्ध रुग्ण आणि पुनर्वसनाची यंत्रे

पक्षाघातात हात किंवा पाय लुळा पडतो तो स्नायू निकामी झाल्यामुळे नव्हे, तर स्नायूंना हुकूम देणारा मेंदूचा भाग मेल्यामुळे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारचे शाबूत मार्ग मात्र त्यांचे काम काही अंशी उचलतात. त्यासाठी सराव लागतो आणि तो शेकड्यांनी मोजावा लागतो. प्रत्यक्षात तो होत नाही. अमेरिका-कॅनडातील पुनर्वसन केंद्रांत व्यायामाच्या सत्रांचे निरीक्षण करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताच्या उपयोगी हालचालींचा सराव जेमतेम निम्म्या सत्रांत होत होता, आणि झाला तेथेही सरासरी ३२ आवर्तनेच भरत होती. ही तूट भरून काढणे हेच पुनर्वसनयंत्राचे खरे काम आहे. त्यापलीकडचे श्रेय यंत्राला देणारे आणि एवढेही श्रेय नाकारणारे, दोन्ही पक्ष चुकतात.

या यंत्रांपैकी सर्वांत जास्त तपासले गेलेले यंत्र म्हणजे एमआयटी-मॅनस. नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी अमेरिकेतील एमआयटीत ते घडवले; १९९४ पासून रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. रुग्ण टेबलाशी बसतो, त्याचा कोपरापुढचा हात पट्ट्यांनी एका आधारावर बांधतात. समोरच्या पडद्यावर मधोमध एक ठिपका आणि भोवती वर्तुळात आठ लक्ष्ये असतात. रुग्णाने ठिपका लक्ष्यापर्यंत न्यायचा. हात अडला की यंत्र हलकेच पुढे नेते, हात स्वतःहून निघाला की वाट मोकळी करते. या नमतेपणातच यंत्राचे खरे कौशल्य आहे. सगळा भार यंत्रानेच उचलला तर रुग्ण नकळत प्रयत्न सोडतो, आणि प्रयत्नाविना हललेल्या हाताकडून मेंदू फारसे काही शिकत नाही.

पहिला पूर्वपक्ष यंत्राच्या जाहिरातदारांचा: यंत्र माणसापेक्षा अचूक, म्हणून रुग्ण लवकर आणि अधिक बरा होतो. हा दावा चाचण्यांत टिकलेला नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १२७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला १२ आठवड्यांत यंत्रावर ३६ सत्रे मिळाली. दुसऱ्या गटाला तितकाच कसून सराव फिजिओथेरपिस्टने हाताने करून दिला. दोन्ही गटांची सुधारणा जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे औषध यंत्र नव्हते, सरावाची मात्रा हे औषध होते. ब्रिटनमधील रॅटल्स ही चाचणी याहून मोठी, ७७० रुग्णांची. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ठरवलेली सुधारणा गाठणाऱ्यांचे प्रमाण यंत्राच्या गटात ४४ टक्के, उपचारकाने दिलेल्या जादा सरावाच्या गटात ५० टक्के आणि नेहमीच्या उपचारांत ४२ टक्के होते. हे फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरले नाहीत. यंत्रावर हाताची हालचाल थोडी सुधारली, पण पेला उचलण्यासारख्या कामांत ती उतरली नाही. वृद्धाच्या घरच्यांकडून मोठी रक्कम घेताना हे निकाल त्यांच्यापासून दडवणे अप्रामाणिकपणाचे आहे.

दुसरा पूर्वपक्ष याच आकड्यांवर उभा राहतो: मग यंत्रे हे श्रीमंत रुग्णालयांचे खेळणेच. २०२३ मध्ये ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने हाताच्या सरावासाठी यंत्र देऊ नये अशीच शिफारस केली. हातापुरती ती समजण्याजोगी आहे. पण हाताचा निकाल पायाला लावता येत नाही. चालण्याच्या यंत्रांवरील ६२ चाचण्यांचा, एकूण २,४४० रुग्णांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिली तर सुमारे आठ रुग्णांमागे एक जादा रुग्ण आधाराविना चालू लागतो, असे त्यात दिसले. सर्वाधिक लाभ झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आणि ज्यांना मुळीच चालता येत नाही अशांना झाला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या बाबतीत हा लाभ लहान म्हणता येणार नाही. स्वतः संडासापर्यंत जाता येणे आणि न येणे यावर त्याचे आणि घरच्यांचे उरलेले आयुष्य ठरते.

उलट, जे थोडेफार चालू लागले आहेत त्यांना यंत्रात अडकवणे तोट्याचे ठरू शकते. लोकोमॅटसारख्या यंत्रात अंगाचा भार पट्ट्यांवर टांगलेला असतो, कंबर धरून ठेवलेली असते आणि पाय ठरावीक मार्गाने हलवले जातात. तोल सावरणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणे, चुकणे आणि चूक सुधारणे हे चालण्याचे मर्मच त्यात गळून जाते. २००८ आणि २००९ मधील दोन अमेरिकन चाचण्यांत अशा रुग्णांना फिजिओथेरपिस्टच्या हातचा सरावच अधिक लाभला. तेव्हा कोणाला, केव्हा आणि कशासाठी हे ठरवल्याशिवाय यंत्र चांगले की वाईट या वादाला अर्थच उरत नाही.

तिसरा आक्षेप वयाचा. म्हातारपणी मेंदू शिकत नाही, मग कशाला दमवायचे, असे घरातही म्हटले जाते. शिकण्याचा वेग मंदावतो, शिकणे थांबत नाही. केवळ जन्मवर्ष पाहून उपचार नाकारणे हा अन्याय आहे. काळजी मात्र अधिक घ्यावी लागते. उभे करताच रक्तदाब उतरतो का ते पाहावे लागते. पट्ट्यांखालची पातळ त्वचा प्रत्येक सत्रानंतर तपासावी लागते. ठिसूळ हाडे आणि निखळू पाहणारा खांदा सांभाळावा लागतो. डाव्या बाजूचे भान हरपलेल्या रुग्णाला पडद्यावरची डावीकडची लक्ष्ये दिसतच नाहीत. घाईसुद्धा घातक ठरते: पहिल्या २४ तासांतच रुग्णांना वारंवार उठवून चालवण्याचा प्रयोग २,१०४ जणांवर झाला, त्याचे निकाल २०१५ मध्ये आले आणि ते नेहमीच्या उपचारांपेक्षा वाईट निघाले.

भारतात चौथा पक्ष जोरात आहे: यंत्रही नको, तज्ज्ञही नको, घरची माणसे मालिश आणि व्यायाम करून घेतील. मालिशने बरे वाटते, पण मालिश म्हणजे रुग्णाचा स्वतःचा सराव नव्हे. कुटुंबीयांना रीतसर शिकवून व्यायाम त्यांच्यावर सोपवण्याची अटेंड चाचणी देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली. सहा महिन्यांनी मरण पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण या गटात आणि केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात सारखेच, ४७ टक्के होते. घरच्यांच्या मायेत काही कमी नव्हते. कुशल हातांची जागा माया घेऊ शकत नाही एवढेच यातून दिसते.

म्हणून यंत्राची बाजू घ्यायची ती फिजिओथेरपिस्टच्या हाताखालचे साधन म्हणून. एका उपचारकाकडे रांग लागलेली असते तेथे एक रुग्ण यंत्रावर आवर्तने करील तोवर दुसऱ्याचा तोल सांभाळता येतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील आणि आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी हातासाठी प्लूटो हे लहान यंत्र बनवले आहे. आपल्याकडच्या गरजेला अशीच साधी यंत्रे जवळची आहेत. पण कोट्यवधींचे यंत्र घ्यायचे आणि ते चालवायला एकच कंत्राटी फिजिओथेरपिस्ट ठेवायचा, हा हिशेब उलटा आहे. यंत्रावरचे सत्र संपले की त्याच दिवशी तोच हात सदऱ्याच्या गुंडीशी, वाटी-चमच्याशी झटला पाहिजे आणि तोच पाय उंबरठा ओलांडायला शिकला पाहिजे. प्रगतीची नोंद करायची तीही यंत्राच्या पडद्यावरच्या गुणांची नव्हे, तर या कामांची.